कुमारांच्या विज्ञान कादंबऱ्यांना वेगळा कप्पा हवा

महोदय,

बारा ते सोळा वयाच्या मुलांसाठी विज्ञान कादंबरी शोधायला अप्पा बळवंत चौकात गेलं की एक तर परीकथांशेजारी नाहीतर 'सोपे प्रयोग' छापाच्या पुस्तकांत पाहावं लागतं. वाचनालयांतही हीच गत. सूचीत 'विज्ञान' पाहिलं तर माहितीपर पुस्तकंच समोर येतात. म्हणून 'विज्ञानकथा' हा शब्द आणि लेखकाचं नाव, दोन्हींनी शोधावं.

शिफारस करताना वयापेक्षा मुलाला शेवटचं कोणतं पुस्तक आवडलं, ते आधी विचारावं. यंत्रमानवांची ओढ असेल तर जयंत नारळीकरांचं 'वामन परत न आला', परग्रहवासीयांचं कुतूहल असेल तर 'प्रेषित'. थेट कादंबरी जड वाटली तर आधी त्यांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह द्यावा. कथा एका बैठकीत संपते, आणि हे फार महत्त्वाचं आहे. पहिल्या वीस पानांत मूल अडकलं नाही तर पुस्तक बदलावं, सक्ती करू नये.

अनुवाद घेताना आतल्या पानावर 'संक्षिप्त' किंवा 'रूपांतर' लिहिलंय का, हे बघाच. कापलेल्या आवृत्तीत पहिली कात्री विज्ञानाच्या स्पष्टीकरणांवर चालते, उरतो तो नुसता पाठलाग. मालिका असेल तर पहिला भाग हाती आल्याशिवाय दुसरा देऊ नये.

शहरातल्या वाचनालयांनी कुमार विज्ञानकथांचा स्वतंत्र कप्पा करावा आणि प्रत्येक पुस्तकात कथाबीज सांगणारी दोन ओळींची चिठ्ठी ठेवावी, शेवट न फोडता. मे महिन्याच्या सुट्टीआधी एवढं सहज जमेल.

— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे