मंगळवारच्या सहीआधी

वारजे, पुणे
रविवार, रात्रीचे साडेअकरा

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

दार आपटून गेलीस, हेल्मेट इथेच राहिलं. बिचारा कुत्रा, खंड्या, अजून उंबऱ्याशी बसलाय. तुझी रात्रपाळी सातला सुटणार, तोवर मी झोपत नाही हे आईला ठाऊक आहे. तीही दिवा मालवून जागीच पडलीय. तुझ्या अमेरिकेतल्या चार वर्षांच्या व्हेटरनरी टेक्नॉलॉजीच्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला मदत करायच्या कोर्सवरून आणि त्याच्या कर्जावरून समोरासमोर बसलं की आपलं वाजतं, म्हणून लिहितोय. पैशांबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं ठरवून बसलोय.

आधी ते एक वाक्य. ‘एवढे पैसे ओतून शेवटी जनावरांचे पायच धरायचे ना!’ असं मी बोलायला नको होतं. त्यावर तू म्हणालीस, ‘तुम्ही तरी जन्मभर दुसरं काय केलंत, बाबा?’ खरं आहे. म्हणून तर लागलं.

पण सई, महिन्याला ७३,८०० रुपयांचा हप्ता. बँकेच्या पाकिटाच्या पाठीवर मी पुन्हा मांडून बघितलं. वर्षाला १० लाख, चार वर्षांचे ४०. व्याज साडेदहा टक्के. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष बँक हप्ता मागत नाही, पण व्याज काही थांबत नाही. सरळव्याजाने धरलं तरी १४ लाख ७० हजार होतं. म्हणजे हप्ता सुरू होईल त्या दिवशी डोक्यावर ५४ लाख ७० हजार, आणि पुढे दहा वर्षं दरमहा ७३,८००. आज क्लिनिकमध्ये तुझ्या हातात सोळा हजार पडतात.

तू म्हणतेस तिकडचा पगार बघा. बघितला. अमेरिकेच्या कामगार खात्याने २०२३ साठी व्हेटरनरी टेक्निशियन आणि टेक्नॉलॉजिस्ट यांची मधली कमाई वर्षाला ४३,७४० डॉलर दिलीय. मधली म्हणजे निम्मे लोक त्याच्याही खाली. डॉलर ८५ रुपयांचा धरला की महिन्याचे तीन लाखांवर जातात, आणि तुझा मामा लगेच पेढे मागायला मोकळा. अगं, पण कर, भाडं, विमा, सगळं डॉलरमध्येच जाणार ना! दोन वर्षांवाले टेक्निशियन आणि चार वर्षांवाले टेक्नॉलॉजिस्ट, दोघांना त्यांनी एकाच रकान्यात धरलंय. परवान्यासाठीची परीक्षाही दोघांना एकच, ती व्हीटीएनई. हे तूच मला समजावलंस. मग चार वर्षं कशासाठी?

बघ, सुरू झालंच माझं. माफ कर. पण एक गोष्ट मनातून जात नाही. शिक्षण संपल्यावर बँक एक वर्ष थांबते, आणि तिकडचं सरकारही मुळात १२ महिनेच काम करू देतं. वाढवून मिळालं तर नशीब. म्हणजे हप्ता सुरू व्हायचा आणि कामाची परवानगी संपायची ती बरोबर एकाच सुमारास. पुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा म्हणशील, तर तो ज्या कामाला निदान पदवी लागतेच अशा कामांसाठी असतो. तुझ्या कामाला दोन वर्षांचा कोर्सही पुरतो, तेच तिथे आडवं येणार. परत यावं लागलं तर इथे त्या कागदाला खुर्ची कुठली? पशुवैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव चढतं ते पदवीवाल्या डॉक्टरचं. ते दुखणं मी चांगलं ओळखतो.

माझा डिप्लोमा दोन वर्षांचा, पाटी पशुधन पर्यवेक्षकाची. १९८४ चा पशुवैद्यक परिषदेचा कायदा सांगतो, आमच्यासारख्यांनी किरकोळ उपचार करायचे, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घोडेगावकडच्या वस्त्यांवर देखरेख करायला रात्री दोनला कोण येणार होतं? लोक ‘डॉक्टर’ म्हणून हाका मारायचे, मीही ओ द्यायचो. लस टोचायला दीडशे जनावरं उभी करायचो, घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत. संध्याकाळी रजिस्टरवर सही साहेबांची. तक्रार नाही माझी. पगार वेळेवर झाला, त्यातच हे घर झालं.

सखुबाईंची गाय अडली ती रात्र तुला आठवते का? तू सात वर्षांची, शाळेला सुट्टी होती म्हणून माझ्याबरोबर आलेली. वासराची मान मागे वळलेली. मी कोपरापर्यंत हात घालून ती सरळ करतोय आणि बॅटरी तुझ्या हातात. तासभर तुझा हात हलला नाही. वासरू खाली पडलं, श्वास घेईना, तर मी सांगायच्या आत तू गवताची काडी त्याच्या नाकात घातलीस. मला तसं करताना कधी बघितलं होतंस कोण जाणे. परतताना गाडीवर मागून विचारलंस, ‘बाबा, तुम्ही खरे डॉक्टर आहात का?’ मी म्हणालो, घट्ट धरून बस, खड्डा आहे.

खड्डा नव्हता.

म्हणून नीट परीक्षेच्या वेळी मी तुझ्यामागे तेवढा लागलो. शिरवळचं पशुवैद्यक कॉलेज इथून तासाभरावर, साडेपाच वर्षांत इंटर्नशिपसकट मोकळी झाली असतीस. अजून एकदा बसलीस तर... नाही, हे लिहायचं नव्हतं. खोडत नाही, खोडलेलं तू आधी वाचतेस.

खंड्याचे दात साफ करायला आणला होता त्या दिवशी मी काचेच्या अलीकडे उभा होतो. पहिल्या टोचणीत शीर सापडली तुला. तो भुलीत असताना तुझी नजर त्याच्या श्वासावर आणि डॉक्टरबाई खाली मान घालून आपलं काम करतायत, एकदा वर बघितलं नाही त्यांनी. इतका भरवसा माझ्यावर कुठल्या साहेबाने टाकला नव्हता. तिकडे भूल सांभाळणं, एक्स-रे, दातांचं काम, रक्ताच्या तपासण्या हे सगळं परवान्याने करता येतं; निदान, औषधाची चिठ्ठी आणि शस्त्रक्रिया तेवढी डॉक्टरकडे. आपल्या नावाचा परवाना. त्यासाठी जावंसं वाटतं, ते मला कळतं. पुण्यात मला जितकं कळतं तितकं कुणालाच कळणार नाही.

तरी पण हप्ता.

मला एवढंच विचारायचंय, दोन वर्षांचा कोर्स का नाही? तिकडच्या पशुवैद्यक संघटनेची, एव्हीएमएची, मान्यता असलेला बघायचा. वर्षाचे तेच १० लाख धरले तरी कर्ज २०, व्याजासकट सव्वापंचवीस, हप्ता ३४ हजार. परत यावं लागलं तरी तुझे सोळा आणि माझ्या पेन्शनमधले अठरा, ओढू आपण. ७३ ओढणार नाहीत. साडेसात लाखांच्या वर आपली बँक तारण मागतेय आणि तारण म्हणजे हे घर. आई काही बोलली नाही, पण दुपारी तिने कपाटातून घराचे कागद काढून नुसतेच पुसून ठेवले. भाऊकाकांच्या वेळेलाही तिने असेच पुसले होते.

मंगळवारी अकराला बँकेत बोलावलंय. सही मी करणार आहे, चार वर्षांच्या कर्जाच्या कागदावरसुद्धा. पेन नेणार आहे, त्यांचं चालत नाही. पण त्याआधी सोमवारी संध्याकाळी दोन्ही हिशेब घेऊन माझ्यासमोर एकदा बस. मी मध्ये बोलणार नाही. बोललो तर आईला चिमटा काढायला सांगितलंय.

आमटी ओट्यावर झाकून ठेवलीय, गरम करून घे. खंड्याची गोळी राहिलीय. मी गुळात घालून दिली, पेढ्यात घालून दिली, जिभेच्या मुळाशी बोट घालूनही बघितलं. एवढी जनावरं हाताखालून गेली आणि याच्यापुढे माझं काही चालत नाही, बाजूला थुंकून टाकतो. तुझ्याच हातून घेईल.

तुझा,
बाबा