चिपी ते बिरसी : हवेत दोन तास, जमिनीवर दीड दिवस

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री यांस,

स. न. वि. वि.

मी कुडाळचा. मुलगी गोंदियाला दिली आहे. राज्य एकच, पण तिच्याकडे जायचं तर कुडाळहून रात्रीची कोकणकन्या, मधला दिवस मुंबईत पाहुण्यांकडे, संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस आणि दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या सुमारास गोंदिया. दोन रात्री गाडीत. आमची ही म्हणते, ‘ह्याच्यापेक्षा अमेरिकेक लवकर पोचलो असतो!’

नातवाने परवा मोबाइलवर मोजून दाखवलं : आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळापासून गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळापर्यंत हवाई अंतर सुमारे ९४० किलोमीटर. सत्तरेक आसनांचं छोटं एटीआर विमान तासाला पाचशेच्या आसपास किलोमीटर कापतं, म्हणजे दोन तास, वर थोडी मिनिटं. दोन्हीकडे विमानतळ आहेत. चिपीचं उद्घाटन ऑक्टोबर २०२१ मध्ये झालं, बिरसीची धावपट्टी तर दुसऱ्या महायुद्धातली. तिथे वैमानिक घडवणारी संस्थाही आहे. उडायला शिकायची सोय आहे, फक्त आमच्याकडे उडून यायची नाही.

थेट विमान लगेच सुरू करा, असं मी म्हणत नाही. रोज सत्तर माणसं कुडाळहून गोंदियाला निघत नाहीत, हे मलाही कळतं. माझं म्हणणं अनुदानाच्या मोजपट्टीबद्दल आहे. छोटी शहरं विमानाने जोडण्यासाठी कंपन्यांना अनुदान देणाऱ्या ‘उडान’ योजनेच्या २०२३च्या फेरीत, म्हणजे उडान ५.० मध्ये, तुमच्या मंत्रालयाने मार्गाच्या लांबीवरची ६०० किलोमीटरची अट काढली, हे चांगलंच केलं. पण विमान कंपनीची तूट भरून देण्याची रक्कम ६०० किलोमीटरपर्यंतच मोजायची, असंही ठरवलं. आमच्या मार्गाचे उरलेले ३४० किलोमीटर मग कंपनीने कुणाच्या खिशातून उडवायचे?

उडानचे किती मार्ग टिकले, ते सरकारी हिशेब तपासणाऱ्या ‘कॅग’ने २०२३ मध्ये सांगितलंच आहे. ७७४ पैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांतल्या ११२ मार्गांनीच अनुदानाची तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढे तग धरली ५४ मार्गांनी. तेव्हा नुसते किलोमीटर मोजून विमान टिकत नाही, हे उघड आहे.

म्हणून विनंती अशी. अनुदान ठरवताना प्रवाशाचे किती तास वाचतात तेही मोजा. दोनशे किलोमीटरवर, जिथे एसटी चार-पाच तासांत पोचवते, तिथे विमानाने फार काही साधत नाही. आमचे तीस तास वाचतील. थेट विमान जमत नसेल, तर चिपीचं विमान जिथे उतरेल तिथून गोंदियाकडचं विमान त्याच दिवशी मिळेल, एवढी वेळापत्रकाची सांगड घालणं ही अनुदानाची अट करा. मधे चार तास बसावं लागलं तरी चालेल. आम्ही डबा घेऊनच निघतो.

याच योजनेच्या नव्या रूपाचे, ‘सुधारित उडान’चे, मार्ग ठरवताना हे पत्र कुणा अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचलं, तर बरं होईल.

आपला,
कुडाळचा एक प्रवासी