घर आईच्या नावावर झालं, काका, मनापासून आभार

काका, नमस्कार. समोर भेटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

बाबा गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं, त्यामुळे नागपुरातलं मानेवाड्याचं घर कायद्याने आई, दादा आणि मी असं तिघांचं झालं, प्रत्येकाचा एक तृतीयांश हिस्सा. भांडण काहीच नव्हतं. पण वरचा मजला भाड्याने द्यायचा तरी तिघांच्या सह्या, दादा पुण्याला, मला सुट्टी मिळायची बोंब, आणि जिने शिलाई करून करून घराचे हप्ते फेडले तिलाच दरवेळी पोरांच्या मागे लागावं लागायचं. मग आम्ही दोघांनी ठरवलं, आपापला हिस्सा आईला देऊन टाकायचा.

एका एजंटने बक्षीसपत्राचा ड्राफ्टही करून दिला होता. तुम्ही चष्मा लावून तो अख्खा वाचला आणि म्हणालात, आई मालकीत आधीपासून आहे नं, मग बक्षीसपत्र काहून करता? तेव्हा पहिल्यांदा कळलं की आईवडिलांनी राहतं घर मुलांना बक्षीस दिलं तर स्टॅम्प ड्युटी नाममात्र आहे, पण मुलांनी आईला दिलं तर ती सवलत नाही, बाजारमूल्याच्या 3 टक्के लागतात आणि वर स्थानिक अधिभार. 20 लाखांचा हिस्सा धरला तर नुसते 3 टक्केच 60 हजार होतात बाप्पा! आणि वडिलोपार्जित घरातला हिस्सा मोबदला न घेता आईच्या लाभात सोडला तर हक्कसोडपत्र, स्टॅम्प 500 रुपये, ऑक्टोबर 2024 च्या आधी तर 200 च होता. नोटरी करून भागतं असं कोणीतरी सांगितलं होतं, तेही तुम्ही तिथल्या तिथे खोडून काढलंत, रजिस्ट्री पाहिजेच आणि तीही सही केल्यापासून 4 महिन्यांच्या आत.

पैसे वाचले ते आहेच. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे. तुम्ही मला एकटीला बाजूला घेऊन विचारलंत, "बेटा, तुझ्यावर कोणाचं प्रेशर तर नाही? एकदा हक्क सोडला की परत मागता येत नाही, आणि पुढे आई हे घर कोणालाही देऊ शकते, हे माहीत आहे नं?" आपल्याकडे पोरीकडून हक्कसोडवर सही घेताना असं कोण विचारतं हो? माझ्या ओळखीत तरी कोणाला विचारलेलं नाही. दादालाही तुम्ही फोन करून हेच विचारलंत, आणि मग आईला पण, की पोरं देतात म्हणून घेऊ नको, तुला पाहिजे का ते सांग. आई म्हणाली, पाहिजे. इतकी स्पष्ट बोललेली मी तिला खूप दिवसांनी ऐकली.

घराचे जुने कागद आणि ड्राफ्ट शेजारी शेजारी ठेवून तुम्ही चतुःसीमेची एकेक ओळ बोट ठेवून तपासली, आणि पूर्वेला रस्ता पाहिजे तिथे शेजारचा प्लॉट नंबर टाइप झालेला तुम्हीच पकडला. रजिस्ट्रीच्या दिवशी आईचा अंगठा मशीन काही केल्या घेईना, सुई-कात्रीने झिजलेली बोटं तिची, ती घाबरली होती की आता काम अडतं. तुम्ही ओल्या रुमालाने अंगठा पुसायला लावला, थोडं थांबवलं, मग घेतला. फी विचारली तर रागावलात.

इंडेक्स टू, म्हणजे रजिस्ट्री झाल्याचा सरकारी उतारा, आला आहे, आईने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून ठेवलाय. तुम्ही सांगितलं तसं आखीव पत्रिकेवरची (प्रॉपर्टी कार्डवरची) नोंद आणि मनपाच्या टॅक्स पावतीवरचं नाव, दोन्हीसाठी अर्ज दिलेत. वरच्या मजल्याचा भाडेकरारही झाला, सही आईची एकटीची. तिचा निरोप आहे, रविवारी काकूंना घेऊन जेवायला या, वडाभात करतेय, आणि नाही म्हणायचं नाही.