मॉलमधले चालणे: फरशी, पोछा आणि अंतराचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुकाने उघडण्याआधी तासभर दरवाजा उघडून दिला म्हणजे झाले, असे मॉलच्या व्यवस्थापनाला वाटते. डोक्यावर छत आहे, वाहने नाहीत, म्हणजे धोका नाही, असे चालायला येणाऱ्यांना वाटते. या दोन्ही समजुती अर्धवट आहेत, म्हणून हे पत्र.

प्रकार तसा जुना आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील एडिना इथे 1956 साली व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकाराने आखलेला ‘साउथडेल’ हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल सुरू झाला. बाहेर बर्फ आणि आत बारा महिने एकच हवा, मग चालणारे येणारच. पुढे 2015 साली तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने मॉलमधल्या चालण्यावर एक मार्गदर्शिकाच काढली. मात्र मॉलची आखणी मुळात माणसाने रेंगाळावे म्हणून केलेली असते आणि फरशी निवडलेली असते ती चकाकी पाहून. व्यायामाला या दोन्ही गोष्टी आड येतात.

आधी अंतराचे पाहू. मोबाइलमधले जीपीएस छताखाली भरवशाचे राहत नाही. उपग्रहाचा संकेत आत नीट पोहोचत नाही आणि पडद्यावर नागमोडी रेघ उमटते. त्यापेक्षा फरशी मोजावी. एका लादीची लांबी टेपने घ्यावी आणि सरळ मार्गिकेतल्या लाद्या मोजाव्यात. 60 सेंटिमीटरच्या 250 लाद्या म्हणजे 150 मीटर; मधल्या सांध्यांचे दोन-तीन मिलिमीटर सोडून द्यावेत. हे अंतर किती पावलांत संपते ते एकदा पाहिले की आपल्या पावलाची लांबी कळते आणि पुढचा हिशेब पावलांवर करता येतो. फेरी मधल्या कठड्यालगत मारली की दुकानांच्या बाजूने, यानेही फरक पडतो. पाच मीटर बाहेरून चालले तर प्रत्येक फेरीत सुमारे 30 ते 40 मीटर वाढतात, मग मॉल लहान असो वा अवाढव्य. दोघांच्या फेऱ्या सारख्याच असूनही अंतराचा मेळ बसत नाही, त्यामागे बहुधा हेच असते.

दुसरा प्रश्न वेगाचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. मॉलमध्ये चढ नाही, उलटा वारा नाही. त्यामुळे श्रम आपोआप वाढत नाहीत, ते वेगातूनच आणावे लागतात. मिनिटाला साधारण 100 पावले हा मध्यम वेगाचा ढोबळ आकडा आहे. पंधरा सेकंदांत 25 पावले पडतात का, एवढे पाहावे. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही खूणही चांगली आहे. काचेतल्या वस्तूंपाशी दर दहा पावलांना थबकत काढलेला पाऊण तास यात धरू नये. पाच जणांनी हातात हात घातल्यासारखे आडवे चालले तर सगळ्यांचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याइतकाच राहतो, शिवाय मागच्यांची वाट अडते ती वेगळीच. जपानच्या शिनशू विद्यापीठातील संशोधकांनी पुढे आणलेली तीन मिनिटे झपाझप, तीन मिनिटे सावकाश, अशी पाच आवर्तने सपाट जागेला फार सोयीची पडतात. हृदयविकार किंवा रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी मात्र त्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आता फरशी. काँक्रीटवर बसवलेला ग्रॅनाइट किंवा व्हिट्रिफाइड लादी जराही दबत नाही. मातीच्या वाटेवर प्रत्येक पाऊल थोडे वेगळे पडते. इथे तोच भार त्याच जागी शेकडो वेळा येतो. टाच आणि नडगी दुखू लागतात त्या यामुळे, आणि बहुतेकदा पहिल्याच आठवड्यात एकदम तासभर चालल्याने. सुरुवात 10 मिनिटांनी करून दर आठवड्याला पाचेक मिनिटे वाढवावीत. फेऱ्यांची दिशा एक दिवसाआड बदलावी, नाहीतर वळणांचा ताण कायम एकाच बाजूच्या गुडघ्यावर आणि घोट्यावर येतो. टाचेकडे झिजून गुळगुळीत झालेला बूट वरून कितीही नवा दिसला तरी बाद समजावा, कारण पाऊल घसरते ते बहुधा टाच टेकताना. चपला आणि सपाता तर नकोतच.

सर्वांत मोठा धोका ओल्या पोछ्याचा. सफाईची वेळ आणि चालणाऱ्यांची वेळ नेमकी एकच असते. गुळगुळीत लादीवर पाण्याचा पातळ थर आला की तळव्याची पकड सुटते. साबण पुरता निघाला नसेल तर फरशी वाळल्यावरही निसरडी राहते. पडणारा माणूस हात पुढे टेकतो आणि मनगट मोडते. वय झालेले असेल तर कधी खुबाही. ओला भाग ओलांडावाच लागला तर पावले आखूड टाकावीत आणि तळवा सपाट टेकवावा. त्यावरचा उपाय व्यवस्थापनाला फुकट पडतो: मार्गिकेची अर्धी रुंदी आधी पुसावी, ती वाळली की उरलेली अर्धी. पावसाळ्यात प्रवेशद्वाराशी लांब पायपुसणे हवे, आणि त्याच्या कडा वर वळलेल्या नसाव्यात.

बंद सरकत्या जिन्यावर चढउतार करण्याची हौस अनेकांना असते. ती सोडलेली बरी. साध्या जिन्याची पायरी 15 ते 18 सेंटिमीटर उंच असते, सरकत्या जिन्याची 20 किंवा त्याहून अधिक. शिवाय वरच्या आणि खालच्या टोकाच्या पायऱ्या क्रमाने बुटक्या होत जातात. पायाला एका उंचीची सवय होते आणि शेवटी तो अडखळतो. चढायचेच असेल तर कठडा धरून साध्या जिन्याने चढावे. तळघरातल्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारणे तर निव्वळ अविचार आहे. तिथे गाड्यांचा धूर साचतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

सपाट जागेची एक उणीव चालून भरून निघत नाही. खडबडीत वाटेवर घोट्यांना तोल सावरण्याची सवय होते, ती इथे होत नाही. म्हणून शेवटची पाच मिनिटे कठड्याजवळ, लाद्यांच्या सांध्याच्या रेषेवर, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत चालावे. हात कठड्यावर टेकवायची गरज पडली तरी संकोच नको. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि घरी आल्यावर तळवे तपासावेत. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही.

व्यवस्थापनाकडे मागण्या थोड्याच आहेत. दर 100 मीटरवर अंतराची खूण, बसायला बाक, त्या तासात एक तरी स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी, आणि आत माणसे असेपर्यंत आपत्कालीन दरवाजे विनाकुलूप. हृदय अचानक बंद पडल्यास विजेचा झटका देणारे एईडी यंत्र बऱ्याच ठिकाणी असते, पण सकाळच्या पाळीतल्या रक्षकाला ते कुठे आहे हे ठाऊक असतेच असे नाही. झटका द्यायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. तेव्हा यंत्राची जागा दरवाजाशी ठळक लिहावी, प्रत्येक पाळीतल्या किमान दोघांना छातीदाबाचे प्रशिक्षण द्यावे, आणि त्या पेटीची किल्ली दहा वाजता येणाऱ्या साहेबांच्या खिशात ठेवू नये.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक