पाडव्याची आवराआवर आणि त्यातून निघणारा घातक कचरा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

गुढीपाडवा जवळ आला की घरोघरी माळे रिकामे व्हायला लागतात, चांगलंच आहे, पण जे निघतं ते सगळं सरसकट एकाच पिशवीत कोंबून खाली ठेवतात हे बघून खरंच वाईट वाटतं. एक्स्पायरी झालेल्या गोळ्या, इन्सुलिनच्या सुया, रिमोटचे सेल, ट्यूबलाइट, रंगाचे अर्धवट डबे... २०१६ च्या घनकचरा नियमांतच हा घरगुती घातक कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा द्यायचा असं सांगितलं होतं, जुन्या (एलईडी नसलेल्या) ट्यूब आणि सीएफएल दिव्यांमध्ये पारा असतो, फुटली की तो हवेत जातो, आणि त्या पिशवीत हात घालते ती सफाई कर्मचारी ताई, तिला सुई टोचली तर काय? निदान सुया तरी जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून, बूच घट्ट लावून, वर लिहून द्या ना.

जुने मोबाइल-चार्जर रजिस्टर्ड रिसायकलरकडेच द्यावेत, नाहीतर कुठेतरी उघड्यावर वायरी जाळून तांबं काढतात. साड्या, भांडी वापरणारं कोणीतरी मिळतंच, फक्त धुऊन द्या.

महापालिकेने पाडवा आणि दिवाळीच्या आधी प्रत्येक वॉर्डात घातक कचऱ्याची वेगळी गाडी फिरवावी आणि तारीख-वेळ सोसायट्यांना, वस्त्यांना आधीच कळवावी ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे