सॅमनचं कौतुक, पण बांगड्याचं काय?

महोदय,

माझं माहेर मालवणचं, लग्नानंतर 41 वर्षं वडोदऱ्यात, दांडिया बाजारात. परवा लेकाने नॉर्वेचा सॅमन आणला. किंमत ऐकून मी कपाळावर हात मारला! पण बिडाच्या तव्यावर कातडीकडून टाकला, तर तेल न घालताच स्वतःच्या चरबीत चुरचुरत भाजला. केशरी मांसातल्या पांढऱ्या रेघा म्हणजे तीच चरबी. गारठ्यातही ती थिजत नाही, ओमेगा-3ने भरलेली असते. रंग मात्र ॲस्टॅझँथिन या रंगद्रव्याचा. पिंजऱ्यात वाढवलेल्या माशांना ते खाद्यातूनच देतात.

जपानी लोक पूर्वी सॅमन सहसा कच्चा खात नसत. 1980च्या दशकापासून नॉर्वेने प्रचार करकरून तो सुशीवर, म्हणजे त्यांच्या भाताच्या मुटक्यावर, कच्चाच चढवला. म्हणजे चवीइतकीच दुकानदारीही आहे. आपल्या बांगड्यातही ओमेगा-3 असतं, पण त्याची जाहिरात कोण करणार?

तक्रार एकच. मागच्या खेपेला इथल्याच एका दुकानातून आणलेला तुकडा वितळून पुन्हा गोठवलेला निघाला. तव्यावर नुसतं पाणी सुटलं, भुगा झाला. गोठवल्याची तारीख पाकिटावर ठळक छापा, आम्हाला चष्मा लागतो.

— एक मालवणी वाचक, वडोदरा