टॉकीज उघडण्याआधी केबिन आणि छप्पर पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लहान गावातली बंद पडलेली टॉकीज पुन्हा सुरू करायची म्हटली की बोलणं नव्या खुर्च्या आणि नव्या प्रोजेक्टरभोवती फिरतं. पैसा आधी लागतो तो छपराला आणि ऑपरेटरच्या केबिनला. केबिन तशी का बांधली आहे हे ठाऊक नसलं, की दुरुस्तीत नेमकं ठेवायचं तेच फोडलं जातं.

1950च्या सुमारापर्यंत फिल्म नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे नायट्रेटची असे. ती जळताना लागणारा ऑक्सिजन तिच्यातूनच सुटतो, त्यामुळे पाण्यात बुडवूनही विझत नाही. म्हणून जुन्या केबिनच्या भिंती जाड, दार लोखंडी आणि उजेड पडद्याकडे सोडणाऱ्या झरोक्यांवर आग लागताच खाली पडणाऱ्या लोखंडी झडपा असत. यंत्रं दोन असत, कारण 2,000 फुटांचं रीळ मिनिटाला 90 फूट वेगाने 22 मिनिटांत संपे. छतातून वर गेलेलं धुराडं पूर्वी उजेडासाठी जाळल्या जाणाऱ्या कार्बन कांड्यांच्या धुरासाठी होतं. कांड्या गेल्या, झेनॉन वायूचा दिवा आला, तरी धुराडं लागतंच. डिजिटल यंत्राच्या झेनॉन दिव्याची गरम हवाही बाहेर खेचावी लागते.

टॉकीज बंद असताना याच धुराड्यात कबुतरं घरटी करतात. मग खेळाच्या मध्येच यंत्र तापून बंद पडतं आणि दोष यंत्राला दिला जातो. धुराड्याच्या तोंडाला जाळी लावावी, पण अगदी बारीक नको, ती धुळीने बुजते. पंखा खरोखर हवा ओढतो आहे का, हे पाहावं. यंत्राचे फिल्टर वेळापत्रकाने बदलावेत आणि दिवा विझवल्यावर पंखा लगेच बंद करू नये.

चित्र अंधूक दिसतं म्हणून थेट नवा दिवा मागवणं ही नेहमीची चूक. पडद्याच्या मध्यावर 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजेड मोजण्याचं एकक) उजेड असावा, हे डिजिटल प्रक्षेपणाचं प्रमाण. आधी झरोक्याची काच दोन्ही बाजूंनी पुसावी, मग लेन्स आणि दिव्यामागचा आरसा पाहावा, आणि मीटरने मोजूनच दिव्याकडे वळावं. झेनॉन दिव्यात थंड असतानाही वायू दाबाखाली असतो, म्हणून चेहऱ्यावर ढाल आणि हातात जाड मोजे हवेतच. काचेला उघडं बोट लागलं तर तो डाग तापून काच कमकुवत होते. ठरलेल्या तासांपलीकडे दिवा ओढणं ही काटकसर नव्हे. तो फुटला तर आरसाही जातो.

पडद्याला रंग देऊ नये, हे कळकळीने सांगावंसं वाटतं. त्यावरच्या बारीक भोकांतून मागच्या स्पीकरचा आवाज येतो. रंगाने ती बुजतात, संवाद दबके ऐकू येतात आणि मग साउंड सिस्टिम बदलण्याचा खर्च निघतो. मऊ ब्रशने वरून खाली हलकी धूळ काढावी. ओलं फडकं लावलं की ओघळ कायमचे राहतात. छप्पर गळत असेल तर हे सगळं वाया जातं. पत्र्यांच्या बोल्टखालचे वॉशर कडक होऊन चिरतात, दोन उतारांमधली पन्हळ पाल्याने भरते, पाणी आतल्या आवाजशोषक फळ्यांत मुरतं आणि त्या एके दिवशी खाली येतात.

एक गोष्ट कोणाच्या ध्यानात नसते. चित्रपट साठवून चालवणाऱ्या डिजिटल सर्व्हरच्या सुरक्षा कार्डात बॅटरी असते. यंत्र महिनोन्‌महिने बंद राहून ती उतरली, की त्यातलं यंत्राची ओळख पटवणारं प्रमाणपत्र पुसलं जातं. मग चित्रपट उघडणारी डिजिटल कुलूपकिल्ली त्या यंत्रावर चालत नाही आणि कार्ड कंपनीकडे पाठवावं लागतं. म्हणून टॉकीज बंद असली तरी महिन्यातून किमान एकदा सर्व्हर काही तास चालू ठेवावा.

जुनं 35 मिलिमीटरचं यंत्र भंगारात घालू नका. वीज लावण्याआधी ते हाताने फिरवून पाहा. चित्र एकेक पुढे सरकवणारा क्रॉस तेलाच्या पेटीत असतो, तिथलं तेल गोठून चिकट झालेलं असतं. फिल्म ज्या चौकटीतून सरकते त्या गेटवर साचलेला थर लाकडी पट्टीने काढावा, लोखंडाने ओरखडला तर प्रत्येक फिल्मवर रेघ उमटेल. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर फिल्म खराब होऊ लागली आहे, ते रीळ इतरांपासून वेगळं ठेवा. फिल्म नायट्रेटची असल्याची शंका आली तर ती यंत्रावर चढवू नका, तसाच डबा जाणकाराला दाखवा.

आपला,
एक प्रोजेक्शन तंत्रज्ञ